बुडणारं लाकूड

रविवारी पहाटे चुन्याची बादली घेऊन निघतो.
मधली रेघ सरळ येत नाही. डावीकडे पाराना नदी,
मैदान तिच्याकडे कलतं,
आताशा मीही.
पाहुणे विचारतात, क्लब किती जुना?
मी सांगतो, त्या धुरांड्यापेक्षा सात वर्षांनी लहान.
धुरांडं थंड पडलं.
आम्ही अजून हरतोय.

टॅनिनचा कारखाना होता. सन एकोणीसशे एकोणीस.
ओंडक्यांच्या ढिगामागे मोकळी जागा,
तिथे इंग्रज मॅनेजरला टेनिस खेळायचं होतं.
जाळी बोटीने यायला तीन महिने लागले,
तोवर ओंडकेवाल्यांनी दोन्ही टोकांना
दोन-दोन खांब रोवले.
केब्राचोचे. म्हणजे कुऱ्हाड मोडणाऱ्या झाडाचे.
पाण्यात टाका, दगडासारखं तळाला जातं.
साहेबाने खांब काढायला माणसं धाडली.
दोन कुऱ्हाडी मोडल्या, मग त्याने टेनिसचा नाद सोडला.

जर्सी पिठाच्या गोण्यांच्या,
कारखान्याच्याच पिंपात रात्रभर भिजवलेल्या.
रंग कुणी निवडला नाही. लागला तो आमचा.
घामाने तो अंगावर उतरायचा,
आणि बायका घरी खांदे बघून ओळखायच्या
कोण धावलं, कोण नुसतंच उभं होतं.

इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते.
संपाच्या वर्षाची पानं फाडलेली आहेत.
आधीच्या पानावर अकरा नावं.
नंतरच्या पानावर अकरा नावं.
दोन्हीकडे सारखी फक्त चार.
त्यातल्या एकाला, कासिमिरो बेनेगासला,
मी पोरवयात विचारलं होतं.
तो बूट पुसत राहिला.

सत्तेचाळीस साली जिंकलो. तेवढं एकदाच.
जिल्ह्याचा कप, साखरवाल्यांविरुद्ध.
गोल तेलेस्फोरो कुबिकचा:
बाप पोलिश, आई ग्वारानी बोलणारी,
आणि तो दोन्ही भाषांत पंचाशी भांडत असताना
चेंडू त्याच्या पाठीला लागून आत गेला.
पान एकशे बारा: त्याचा पुतळा उभारावा, ठराव एकमताने मंजूर.
पुढची ओळ: पैसे नाहीत.

त्रेसष्टला भोंगा थांबला.
आमचं मध्यंतर त्याच भोंग्यावर व्हायचं.
लोक सांगतात, नंतर कितीतरी रविवार
सामने मध्यंतराशिवायच चालले. खोटं आहे, मी खेळत होतो.
थांबायला जरा उशीर करायचो, एवढंच.

यंत्रं गेली, रूळ गेले, माणसं रोसारियोला गेली.
नाव तेवढं राहिलं: ओब्रेरो. कामगार.
एकेक वर्ग उतरत गेलो आम्ही,
अंधारात जिना उतरावा तसे,
पायाने पुढची पायरी चाचपत.
एका वर्षी पायरी लागलीच नाही.
महासंघाचं पत्र आलं:
आपणास खाली ढकलण्यासाठी वर्ग उपलब्ध नाही.
खजिनदार नेलिदा सुबेल्दियाने ते फ्रेम करून लावलं.
म्हणाली, सुटलो. आता पडायची भीती नाही.

मग त्र्याऐंशीचा पूर.
बाकडी गेली, तिकिटाची टपरी गेली, तो एकुलता कपही.
एक गाय मैदानावरून तरंगत गेली,
अगदी ऑफसाइडच्या जागेतून.
पाणी ओसरलं तेव्हा चार खांब जिथल्या तिथे.
तरंगायला शिकलंच नाही जे लाकूड
ते वाहून कसं जाणार?

गेल्या वर्षी फतवा निघाला, खांब लोखंडी हवेत.
जुने काढायला गेलो, कटर जळला.
म्हणून नवे हातभर पुढे उभे आहेत आणि जुने मागे,
पाहुण्या गोलकीपरला वाटतं
कालची अजून उतरलेली नाही.

आज नऊजण आलेत.
दहावा बेकरीतून सुटला की येईल.
अकराव्याचं विचारू नका.
पिशवीत बूट आहेत, कासिमिरोचे,
मला एक नंबर मोठे.
पुढे कापूस कोंबतो.